पाव आटा, पण सगळ्यात शेवटी

"अरे पेट्रोल सांडलंय का कुठे?" गाडी खळ्यात सुरू केली की आई माजघरातून हे विचारणार, गेल्या गणपतीपासून हे रोजचंच झालं होतं. सांडलं काहीच नव्हतं, वास सायलेन्सरमधून येत होता, न जळलेल्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरतील असा. गाडी नेहमी रिव्हर्स लावतो त्यामुळे मागच्या चिऱ्याच्या गडग्यावर काजळीचा एक गोल डाग पण पडला होता. मुंबईचा भाऊ गणपतीला आला होता, त्याने डाग बघितला आणि म्हणाला, विक आता, भंगारवालाच नेईल तेवढं बरं. म्हटलं बघू.

गाडी १९९९ची, एमएच-०८ पासिंग, बाबांनी रिटायर व्हायच्या आधी घेतलेली, चार सिलिंडर पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणारी. त्या वेळी गुहागरात 'एमपीएफआय' म्हणजे लोक बॉनेट उघडून बघायला यायचे आणि कार्बोरेटर दिसला नाही की गप्प व्हायचे. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की लगेच "त्या गाडीचं हेच असतं" सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या भानगडीत कंपनीचा दोष शून्य होता.

तर तक्रार काय, अॅव्हरेज १४चं ९वर आलेलं, वास, काजळी, आणि गंमत म्हणजे सकाळी थंड असताना गाडी एकदम मस्त, चावी फिरवली की सुरू. गरम झाली की बिघडायची. शृंगारतळीपर्यंत ठीक, मार्गताम्हान्याच्या पुढे आयडलला, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, हिसके. हे "थंड मस्त, गरम बेकार" लक्षात ठेवा, सगळं उत्तर त्यातच होतं पण मला ते कळायला तीन महिने लागले.

आता मिक्श्चर म्हणजे काय ते आधी थोडं, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पेट्रोल जास्त झालं की रिच, कमी झालं की लीन. कार्बोरेटरला हे जेट आणि स्क्रूने जमवायचं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इनटेकमधला (इंजिनात हवा जाते त्या वाटेतला) दाब, इंजिनचं तापमान, आरपीएम असं सगळं बघून ठरवतो की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. नव्या गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो परत सांगतो की बाबा जास्त झालं, कमी झालं, आणि ईसीयू स्वतःला सुधारत राहतो. त्या गाड्यांत मिक्श्चर 'सेट' करायला काही नसतंच, कोणी "इंजेक्शन गाडीचं मिक्श्चर सेट करून देतो" म्हणाला तर खिसा सांभाळा.

पण आमच्यासारख्या मधल्या काळातल्या काही गाड्या आहेत, इंजेक्शन आहे पण ऑक्सिजन सेन्सर नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पण नाही. त्या वेळी कन्व्हर्टर महानगरं आणि काही मोठ्या शहरांतल्या नव्या गाड्यांनाच सक्तीचा होता आणि शिसं नसलेलं पेट्रोल देशभर सगळीकडे व्हायला २००० साल उजाडलं. अशा गाडीत ईसीयू आंधळेपणाने पेट्रोल देतो, दिल्यावर काय झालं ते त्याला कळत नाही. म्हणून कंपनीने एक छोटा पॉट दिलेला असतो, रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखाच, व्हेरिएबल रेझिस्टर. आमच्या गाडीत तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला), काळ्या डबीत, वर रबराचं बूच, आत बारीक स्क्रू. तो फिरवला की ईसीयूला जाणारा व्होल्टेज बदलतो आणि आयडलचं पेट्रोल थोडं कमी-जास्त होतं. थोडंच. हा स्क्रू म्हणजे जादूची कांडी नाही, पण दिसायला तसाच वाटतो आणि लोचा तिथेच होतो.

मी पहिल्यांदा गाडी नेली हायवेवरच्या एका गॅरेजात. तिथल्या पोराने वास घेतला, बॉनेट उघडलं, म्हणाला "रिच चाललीय", जे आईने पण सांगितलं असतं, आणि बूच काढून स्क्रू सरळ लीनच्या बाजूला पूर्ण पिळला. आयडलला वास गेला. मी खूश. साडेचारशे रुपये दिले. घरी येईपर्यंत परत तेच, कारण चालत्या गाडीत तो स्क्रू फार काही करतच नाही. आयडलला बरी, रस्त्यावर अजून धूर, अॅव्हरेज नऊचं साडेनऊ. मग मी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पेट्रोलमध्ये ओतायची एक बाटली ओतली (ते तीनशे रुपये खाडीत टाकले असते तर निदान माशांना काही झालं असतं). असे दोन महिने गेले.

शेवटी चिपळूणला चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे बाबांच्या वेळपासूनचे, आधी पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर करायचे, मग वयाच्या पन्नाशीत इंजेक्शन शिकले, तेही गल्फमधल्या पुतण्याने पाठवलेल्या मॅन्युअलवरून. जुलै २०२१च्या पुरात त्यांच्या गॅरेजात डोक्यावर पाणी होतं, स्कॅनर वगैरे सगळं गेलं, त्यानंतर त्यांनी महागडं काही परत घेतलंच नाही. एक मल्टिमीटर, एक व्हॅक्यूम गेज, एक टेस्ट लॅम्प आणि कान. मी जाऊन म्हटलं, "चाचा, मिक्श्चर सेट करायचंय." ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कोणी सांगितला तुला मिक्श्चर?"

मग बूच बघितलं, स्क्रूचा माथा घासलेला बघितला, आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये हायवेवरच्या पोराची सगळी खानदान आली.

आमच्या गाडीत डायग्नोसिसच्या कपलरमध्ये (कपलर म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड) दोन पिना वायरने जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. त्यांनी जोडलं, दिवा एकदा, मग दोनदा. बारा. म्हणजे काही दोष नाही. मी म्हटलं बघा, काही नाही. ते म्हणाले दिवा तेव्हाच बोंबलतो जेव्हा वायर तुटते नाहीतर शॉर्ट होते, सेन्सर खोटं बोलतोय पण शक्य वाटेल असं खोटं बोलतोय तर ईसीयूला काय कळणार. हे वाक्य मला फार आवडलं.

आणि खोटं बोलत होता कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. म्हणजे सेन्सर पण नाही, त्याचा कपलर. हा सेन्सर असा असतो की थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी, साधारण २० डिग्रीला अडीच हजार ओहम आणि ८०ला तीनशेच्या आसपास. गाडी गरम करून चाचांनी कपलर काढून थेट सेन्सरवर मीटर लावला, ३१०. बरोबर. मग कपलर लावला आणि ईसीयूच्या टोकाला, डॅशबोर्डखाली आडवं झोपून मोजलं, १०२०. मधले सातशे ओहम कुठून आले? कपलर उघडून दाखवला तर पिना हिरव्यागार. खारा वारा. आमचं घर समुद्रापासून आगराच्या अंतरावर, त्यात मी महिन्यातून चारदा दाभोळला जायला धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी चढवतो, पावसाळी दिवसांत बोटीवर तोंडावर तुषार येतात ते गाडीलाही येतातच की.

आता बघा हिशेब. सकाळी थंड गाडीत सेन्सरचे अडीच हजार आणि वर सातशे, फार फरक पडत नाही, ईसीयूला वाटतं अजून थोडी जास्त थंडी आहे, म्हणून स्टार्टिंग मस्त. पण गरम झाल्यावर तीनशेचे हजार, म्हणजे इंजिन ८५ डिग्रीला आणि ईसीयू समजतो ४५. तो बिचारा थंड इंजिनला देतात तसं जास्तीचं पेट्रोल ओततच राहतो, अख्खा प्रवास. जुन्या गाडीचा चोक ओढून चिपळूण गाठल्यासारखं. आणि डॅशबोर्डवरचा काटा मधोमध, कारण काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरीचा, त्याचा ईसीयूशी संबंध नाही. मी तो काटा बघून तीन महिने निर्धास्त होतो.

दुसरी चोरी मॅप सेन्सरच्या, म्हणजे इनटेकचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या होजमध्ये. इनटेकमधला दाब मोजायला एक बारीक रबरी नळी जाते, तिला क्लिपच्या तोंडाशी चीर होती, बोटाने वाकवली तेव्हाच दिसली. तिथून बाहेरची हवा आत, मग सेन्सरला व्हॅक्यूम कमी दिसतो, ईसीयूला वाटतं गाडी चढावर आहे, अजून पेट्रोल. हवा मोजणारा फ्लॅप किंवा एअरफ्लो मीटर ज्या गाड्यांत असतो तिथे मीटरनंतर हवेची गळती झाली की गाडी लीन होते, आणि मॅपवाल्या गाडीत ही नळी फुटली की रिच. म्हणजे एकच चीर, गाडीप्रमाणे उलटा परिणाम. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीला औषध देऊ नये. चार इंच नळी, पस्तीस रुपये.

कपलर साफ केला, पिना पुसून घासून, तरी चाचांचं समाधान झालं नाही, नवीन कपलर दोन इंच वायरीसकट सोल्डर करून लावला आणि आत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. ईसीयूच्या टोकाला मोजलं, ३१५. गाडी सुरू केली, वास नाही.

आणि गाडी आता लंगडायला लागली. आयडल खालीवर, गिअर टाकून सोडली की एक आचका, मध्येच इनटेकमधून फट् असा आवाज. अर्थातच, कारण स्क्रू अजून हायवेवरच्या पोराने पिळलेला तसाच होता, पूर्ण लीन. रोग गेला होता आणि औषध चालूच होतं.

बाजूलाच पीयूसीवाला. चाचा म्हणाले मीटर त्याचा वापरू, पण आधी आहे तशी मोजू. सीओ (कार्बन मोनॉक्साइड, मिश्रण रिच झालं की वाढतो) ०.२ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) ९४० पीपीएम. पीयूसीवाला म्हणाला पास! आणि कायद्याने खरंच पास, बीएस-२च्या (धुराच्या जुन्या सरकारी नियमाच्या) आधीच्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं. सीओ इतका कमी बघून मी पण म्हटलं वा. चाचांनी कपाळावर हात मारला. सीओ कमी म्हणजे रिच नाही एवढंच कळतं. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, आणि ते दोन कारणांनी वाढतं, एक तर पेट्रोल फार जास्त, नाहीतर इतकं कमी की ठिणगी पडूनही मिश्रण धड पेटत नाही आणि तसंच बाहेर येतं. सीओ कमी आणि एचसी जास्त असं एकत्र दिसलं आणि प्लग-वायरी ठीक असतील, तर लीन मिसफायर. सीओ आणि एचसी दोन्ही जास्त, तर रिच. पीयूसीच्या कागदावर हे दोन्ही आकडे छापलेले असतात आणि आपण फक्त 'पास' बघून ग्लोव्हबॉक्समध्ये कोंबतो. माझ्याकडे जुने सहा-सात कागद होते, घरी येऊन काढले, तर सीओ चढत चाललेला दोन वर्षं आधीपासून दिसत होता, १.३, १.९, २.६. सगळे पास.

मग सेटिंग. हे मात्र मी नीट बघितलं. इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला पाहिजे. एसी, लाईट, ब्लोअर सगळं बंद. पंखा चालू असताना मोजायचं नाही, थांबायचं. थ्रॉटल बॉडी आधीच साफ केलेली, आयडल ८५०वर. पॉटच्या मधल्या वायरीवर मल्टिमीटर, आधीचा व्होल्टेज वहीत लिहिला, ०.६. मग पाव आटा, म्हणजे स्क्रूचा पाव फेरा, उजवीकडे, आमच्या गाडीत उजवीकडे रिच, तुमच्यात उलटं असू शकतं. पाव आटा फिरवला की हात काढायचा, एकदा २५०० आरपीएमपर्यंत रेस देऊन सायलेन्सर मोकळा करायचा, परत आयडल, अर्धा मिनिट थांबायचं, मग आकडा. मशीनला नळीतून गॅस पोचायला वेळ लागतो, घाईत फिरवत बसलं की आकड्याच्या मागे आपण आणि आपल्यामागे आकडा.

०.२चं ०.४ झालं, मग ०.७, एचसी एकदम साडेतीनशेवर. १.०ला इंजिनचा आवाज बदलला, म्हणजे ते खाली बसल्यासारखं वाटतं ना, खुर्चीत टेकल्यासारखं. चाचांनी मुद्दाम पुढे जाऊन दाखवलं, १.८ केलं, आवाजात काहीच फरक नाही, फक्त पेट्रोल वाया. मग परत मागे १.१वर आणून सोडलं. एचसी २३०. पॉटवर २.४ व्होल्ट. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका मारायचा, तो गॅरेजात असतोच, गुलाबी. का असतो म्हणून कोणी विचारायचं नाही.

मी विचारलं मॅन्युअलमध्ये किती दिलंय, तर आमच्या मॅन्युअलमधला पॉटचा व्होल्टेज दोनच्या खाली आहे. मग आपण २.४ का? यातच इथेनॉल येतं. २०२३पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता बहुतेक सगळ्या पंपांवर तेच. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याला हवा कमी लागते, ९ला १. वीस टक्के मिसळलं की १४.७चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ८ टक्के पेट्रोल जास्त हवं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी हे गुपचूप जुळवून घेते. आमची आंधळी गाडी १९९९च्या पेट्रोलचा पाढा म्हणत राहते आणि तेवढी लीन चालते. म्हणून व्होल्टेज पुस्तकातला नको, सीओ बघून लावा. सीओचा फायदा हा की टाकीत काय आहे त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, धुरात काय उरलं तेवढंच तो सांगतो.

माझ्या डोक्यात लगेच पुढचा किडा, की आयडलला तर स्क्रूने झालं, पण घाटात, पूर्ण लोडला ८ टक्के कमीच पडणार ना? चाचा म्हणाले पडणार. अॅडजस्टेबल प्रेशर रेग्युलेटर लावून रेलचा, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा, दाब वाढवता येतो. पण इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळात वाढतं, ८ टक्के जास्त हवं तर दाब १६-१७ टक्के वाढवायला लागतो, म्हणजे ३ बारचा साडेतीन. पंचवीस वर्षांच्या होजला आणि टाकीतल्या मूळच्या पंपाला. "आग लावायचीय काय तुला?" इथे विषय संपला. तसंही पूर्ण ॲक्सिलरेटरला ईसीयू मुळातच रिच देतो, तेवढी गादी खाली आहे. त्याऐवजी रेलपासून फिल्टरपर्यंतचे जुने रबरी होज काढून इथेनॉल सोसणारे लावले, जुने हाताने दाबले तर चिकट लागत होते. हा खर्च मी सगळ्यात आधी करायला हवा होता.

पुढच्या रविवारी कुंभार्ली घाट चढून गेलो, तिसऱ्या गिअरला, पाटणच्या बाजूला उतरून चहा प्यायला आणि परत. मॅप सेन्सर असल्यामुळे उंचीची विरळ हवा गाडी स्वतःच हिशेबात धरते, बाबांच्या पद्मिनीचं मात्र वर पोचेपर्यंत तोंड काळं व्हायचं. वर घाटमाथ्यावरच गाडी बंद करून, हात भाजून घेत एक प्लग काढला. पांढरा नाही, काळा नाही, फिकट बिस्किटाचा. बिनशिशाच्या पेट्रोलवर तो जुना कॉफी रंग शोधू नका, मिळत नाही. बायको बाजूला उभी राहून बघत होती की हा माणूस सुट्टीच्या दिवशी घाटात काय करतोय.

आता अॅव्हरेज साडेतेरा आहे, १४ परत येईल असं वाटत नाही, इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकदच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे पेट्रोल जास्त पडतंच. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली ठेवत नाही, रिकाम्या टाकीतली दमट हवा आणि ओलावा ओढणारं इथेनॉल ही जोडी आपल्या हवेला परवडणारी नाही. दर दिवाळीला इंजिनवरचे सगळे कपलर एकेक काढून बघायचे असं ठरवलंय, एकूण चौदा आहेत, मोजले. यंदा अकरा बघून झाले, एकाला हिरवळ होती, थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या. उरलेले तीन इनटेकच्या खाली आहेत, तिथे हात जात नाही, त्यासाठी चाचांनी शिमग्यानंतर बोलावलंय.

भाऊ परवा फोनवर विचारत होता, विकलीस का. गडग्यावरचा डाग अजून गेलेला नाही, दोनदा घासला.